३१, २१ आणि मग १९ : मुंबई सिटीचा डिफेन्स यंदा खरंच सुधारला का?

अंधेरी_वेस्ट_स्टँड | ६ मे २०२४, रात्री १०:४२

शनिवारी कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानविरुद्ध आपण इंडियन सुपर लीगच्या कपची फायनल जिंकली, त्याचा आनंद करायला दुसरा धागा आहे, तिथे मीही दोन दिवस पडीक होतो. इथे मला फक्त मागच्या लोकांबद्दल बोलायचंय, कारण कप आला की सगळे गोल मारणाऱ्या छांगटे, बिपिन आणि डियाझबद्दल बोलतात आणि ज्यांनी सीझनभर गोल अडवले त्यांच्याबद्दल कोणीच लिहीत नाही.

आधी आकडे. २०२१-२२ ला लीगच्या २० मॅचमध्ये आपण ३१ गोल खाल्ले आणि पाचवे आलो. २०२२-२३ ला २० मॅचमध्ये २१, शील्ड (लीगमध्ये पहिला येणाऱ्याला मिळते ती) जिंकली. यंदा २२ मॅचमध्ये १९. म्हणजे दीडच्या वरून एकच्या आसपास आणि आता एकच्या खाली. आणि हे कधी झालं, तर डिफेंडर मुर्तदा फॉल आणि मिडफिल्डर जाहू दोघंही ओडिशाला निघून गेल्यावर, कोच मध्येच ऑक्सफर्डच्या क्लबला गेल्यावर, जानेवारीत ग्रेग स्टुअर्ट गेल्यावर. ऑगस्टमध्ये मला कोणी सांगितलं असतं की फॉलशिवाय कमी गोल खाल तर मी ऐकून घेतलं नसतं.

आता माझं म्हणणं. सगळे म्हणतात नवा डिफेंडर तिरी आला म्हणून डिफेन्स सुधारला. मला ते अर्धंच पटतं. मी वर्षभर वीरा देसाई रोडच्या त्याच कोपऱ्यातून मॅच बघतो, तिथून आपल्या हाफमधला उजवा भाग अगदी डोळ्यासमोर असतो, आणि मला दिसलेला फरक बॅकलाइनमध्ये नाही, बॅकलाइनच्या पुढच्या दहा यार्डांत आहे. आधी बॉल गेला की समोरच्याचा दहा नंबर वळून थेट आपल्या स्टॉपर्सकडे (मधल्या डिफेंडर्सकडे) तोंड करून धावत यायचा, फॉल मागे मागे सरकायचा आणि आपण प्रार्थना करायचो. यंदा त्या जागेत आपुइया आणि फान नीफ हे दोन मिडफिल्डर उभे. समोरच्याला वळायलाच मिळत नाही, बॉल परत मागे नाहीतर बाहेर विंगला. तिरी आणि मेहताब तेवढ्यात शांतपणे जागा घेतात. म्हणजे स्टॉपर चांगले आहेतच, पण यंदा त्यांच्यापर्यंत येणारं कामच सोपं होऊन येतं.

बोला. वाद घाला, पण मॅच बघून घाला.

---

हाफस्पेस_पुणे | ६ मे, रात्री ११:१५

धागा काढलास ते बरं केलंस. पण १९ हा आकडा जरा उघडून बघू या. जमशेदपूरची मार्चमधली मॅच १-१ सुटली होती, नंतर त्यांनी मैदानावर किमान ७ भारतीय हवेत हा नियम मोडला म्हणून ती आपल्याला ३-० दिली. म्हणजे टेबलमध्ये जे १९ दिसतात त्यात तिथे खाल्लेला गोल नाही. खरे २० धर. तरी एकच्या खालीच येतं, २२ मॅच आहेत, त्यामुळे तुझा मुद्दा पडत नाही, पण आकडा द्यायचा तर पूर्ण द्यावा.

दुसरं. आपण लीगमध्ये तीनच मॅच हरलो. कोचीत केरलाकडून ०-२, घरी जमशेदपूरकडून २-३ आणि शेवटच्या दिवशी मोहन बागानकडून १-२. या तीन मॅचमध्ये ७ गोल. उरलेल्या १९ मॅचमध्ये मिळून १२ (टेबलप्रमाणे). म्हणजे हा थोडा थोडा गळणारा डिफेन्स नाहीये, हा बहुतेक वेळा घट्ट असणारा आणि तीनदा फुटलेला डिफेन्स आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी असतात. मला त्या तीन मॅचबद्दल बोलायला जास्त आवडेल.

---

निळी_शाल | ६ मे, रात्री ११:३८

हाफस्पेस, कोचीची मॅच त्यात धरूच नका हो. त्याच्या चार दिवस आधी, २० डिसेंबरला, अंधेरीत मोहन बागानची ती मॅच झाली ज्यात ७ लाल कार्डं निघाली, त्यातली ४ आपली. आकाश मिश्रा तर पंधरा मिनिटंही व्हायच्या आत बाहेर. मी माझ्या मुलीला पहिल्यांदा स्टेडियमवर घेऊन गेले होते, ती मला विचारत होती की आई आपले सगळे प्लेयर घरी का चाललेत. ती मॅच आपण २-१ जिंकलो हेच आश्चर्य, एक गोल खाऊन आणि माणूस कमी असताना मागून येऊन जिंकलो. मग कोचीला भेके नाही, आकाश नाही, पुढे स्टुअर्ट आणि विक्रमही नाही. निम्मी बॅकलाइन सस्पेंड असताना खाल्लेल्या दोन गोलांवरून सीझनचा डिफेन्स कसा मोजणार?

---

हाफस्पेस_पुणे | ६ मे, रात्री ११:४४

ताई मान्य. पण शिस्त हाही डिफेन्सचा भाग आहे ना? डिफेंडरने लाल कार्ड घेतलं तर पुढच्या मॅचचं नुकसान त्याच्याच खात्यात जातं.

---

निळी_शाल | ६ मे, रात्री ११:५१

ते खरंय. पण ती मॅच तशी तापली नसती तर बरं झालं असतं, एवढंच म्हणते.

---

कूपरेजवाले_काका | ७ मे, सकाळी ७:०५

मंडळी, अंधेरीवाल्याने लिहिलेलं "पुढचे दहा यार्ड" हे अगदी बरोबर आहे आणि हे काही नवीन नाही. मी कूपरेजवर महिंद्रा युनायटेडच्या मॅच बघत मोठा झालेला माणूस, २००५-०६ ला महिंद्राने नॅशनल लीग जिंकली तेव्हा डेरिक परेरा कोच होते आणि महेश गवळी मागे उभा असायचा. गवळीला कधी आडवं पडून टॅकल करताना फार कमी बघितलं मी. लोक म्हणायचे काय वाचतो हा खेळ. वाचत होताच, पण त्याच्या पुढचा माणूस समोरच्याला एकाच बाजूला ढकलत होता म्हणून वाचायला सोपं जात होतं. चांगला स्टॉपर दिसतो तो त्याच्या पुढच्या मिडफिल्डरमुळे, हे आमच्या वेळचे कोचसुद्धा सांगायचे.

तिरीबद्दल एक गोष्ट मात्र सांगतो. २०२१ ची फायनल आठवा, फातोर्ड्याला, रिकाम्या स्टेडियममध्ये. तेव्हा तो समोरच्या टीममध्ये होता आणि आपला पहिला गोल त्याच्याच डोक्याला लागून आत गेला होता. नंतर २०२२ ला त्याचा गुडघा गेला, किती महिने बाहेर होता. त्या वयात त्या दुखापतीतून येऊन त्याच क्लबच्या विरुद्ध, त्यांच्याच मैदानात, साठ हजारांच्या वर लोकांसमोर तो शनिवारी ज्या शांतपणे खेळला, ते बघून मला फार बरं वाटलं. याचं श्रेय "सोपं काम" म्हणून कमी करू नका.

---

अंधेरी_वेस्ट_स्टँड | ७ मे, सकाळी ९:२०

काका, कमी नाही करत आहे. तिरीला मी पूर्ण मार्क देतो. मी फक्त म्हणतोय की २०२१ आणि २०२२-२३ च्या टीममध्ये आपण डिफेन्स करायचो तो बॉल आपल्याकडे ठेवून. बॉल आपल्याकडे असेल तर समोरचा गोल कसा मारणार, असा सरळ हिशोब. ५४ गोल मारले होते २०२२-२३ ला, २० मॅचमध्ये. कोण बघतंय मागे काय झालं. शील्ड पक्की झाली ती गोव्याविरुद्धची मॅच पण ५-३ होती! जिंकलो म्हणून नाचलो, पण तीन खाल्लेच ना. यंदा गोल २२ मॅचमध्ये ४२. म्हणजे पुढची धार कमी झाली, आणि तरी पॉइंट ४७, गेल्या वेळेपेक्षा एक जास्त. मॅच दोन जास्त होत्या हे मान्य, तरी.

---

फातोर्ड्याचो | ७ मे, सकाळी १०:०२

गोव्याचा सपोर्टर आहे, तरी बोलू द्या, कारण सेमीफायनलचा विषय कोणी काढत नाहीये 🙂

२४ एप्रिलला आमच्याकडे ८९ मिनिटांपर्यंत २-० होतं. बोरिसने मारला, ब्रँडनने मारला. त्या ८९ मिनिटांत तुमचा हा सुधारलेला डिफेन्स कुठे होता? पुढे काय झालं ते मला आठवायचंही नाही, ९० ते ९०+६ मध्ये तीन गोल, आम्ही सगळे स्टँडमध्ये डोकं धरून बसलो, माझा भाऊ घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. पण ती कमाल तुमच्या फॉरवर्ड्सची. डिफेन्सवाल्यांनी त्या दिवशी दोन दिले आणि तिसराही जाऊ शकला असता.

त्यामुळे धाग्याचं नाव जरा बदला असं माझं म्हणणं.

---

स्टॉपर_नं_५ | ७ मे, दुपारी १:३०

फातोर्ड्याचो भावा, तुझं दुःख समजतंय. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर असं हरल्यावर पेठच्या पेठ आठवडाभर गप्प असते.

पण मी एक सांगू? त्या मॅचनंतर पाच दिवसांनी अंधेरीत दुसरा लेग, म्हणजे सेमीफायनलची परतीची मॅच. दोन्ही मॅच मिळून तुम्हाला एकच गोल हवा होता बरोबरीला. आणि २-० आम्ही जिंकलो. ती मॅच मी तीनदा बघितलीय, कारण मी चौदा वर्षांखालच्या पोरांना शिकवतो आणि मला त्यांना दाखवायचं होतं. पहिल्या लेगला आपले फुलबॅक दोन्ही एकदम वर गेलेले दिसतात, दोन्ही. दुसऱ्या लेगला एक गेला की दुसरा थांबतोय, मागे तीन जण राहतायत कायम. लई साधी गोष्ट आहे पण पाच दिवसांत टीम ती करून दाखवते म्हणजे कोचचं ऐकणारी टीम आहे. सुधारणा म्हणजे मला तरी हेच वाटतं, गोल खाल्ला की तोच गोल परत खायचा नाही.

आणि तेच शील्डच्या मॅचचं. १५ एप्रिलला सॉल्ट लेकवर आपल्याला ड्रॉ पुरत होता. १-२ हरलो. मोहन बागानच्या पेट्राटॉसला मधल्या जागेत बॉल घेऊन मान वर करायला वेळ मिळत होता, लिस्टनला शूट करायला जागा मिळाली. १९ दिवसांनी तेच मैदान, तेच अकरा जण जवळपास समोर, आणि पेट्राटॉसच्या अंगावर सतत कोणीतरी आहे. एक गोल खाल्लाच, कमिंग्जने मारला, पण तो पण लांबून शूट आणि रिबाउंड. खेळून आत शिरून मारलेला नाही.

---

हाफस्पेस_पुणे | ७ मे, दुपारी २:१०

स्टॉपर, +१. आणि तू म्हणतोस तो रिबाउंड, त्यावरून माझा जुना प्रश्न. आपला गोलकीपर फुर्बा. लांबून आलेला शूट त्याने अडवला पण समोरच सोडला, कमिंग्ज तिथेच उभा. मोठ्या मॅचमध्ये तो बॉल बाजूला काढायला हवा.

---

निळी_शाल | ७ मे, दुपारी २:२५

अहो गोल्डन ग्लोव्ह मिळालाय त्याला यंदा! आख्ख्या लीगमध्ये सगळ्यात चांगला गोलकीपर ठरला, आणि तुम्ही एका रिबाउंडवर बोलताय.

---

हाफस्पेस_पुणे | ७ मे, दुपारी २:४०

ग्लोव्ह क्लीन शीटवर, म्हणजे एकही गोल न खाल्लेल्या मॅचवर मिळतो ताई, आणि क्लीन शीट अकरा जणांची असते. मी त्याला वाईट म्हणत नाहीये, त्याचा बॉल पायाने खेळणं आणि लाइन सोडून पुढे येणं दोन वर्षांत खूप सुधारलं. फक्त एवढंच की त्याच्यासमोर शूटच कमी येतात.

---

बे_एरियातला_मुंबईकर | ७ मे, दुपारी ४:५५

इथे अमेरिकेत रात्र उलटलीय पण हा धागा वाचून झोप लागणार नाही म्हणून लिहितोच. मी मॅच सकाळी ऑफिसला जायच्या आधी बघतो आणि टीव्हीवर बघितल्याने मला सगळी लाइन एकत्र दिसते, स्टँडमधून तुम्हाला एक बाजू दिसते, हा फरक लक्षात ठेवून वाचा. फुर्बाबद्दल हाफस्पेस म्हणतात ते शूट कमी येतात हे बरोबर, पण ते कमी का येतात तर आपली लाइन वर असते आणि ती वर राहू शकते कारण मागे फुर्बा पुढे येऊन साफ करतो, म्हणजे तो शूट अडवण्याच्या आधीच काम करतोय. २०२१-२२ आठवा. गोलकीपर अमरिंदर गेला, नवाझ सुरुवातीला खेळला, मग फुर्बा आला, तेव्हा आपली लाइन बिचकलेली असायची, डिफेंडर वर जायलाच घाबरायचे कारण मागे काय होईल माहीत नाही. ३१ गोल त्यातून आले. मला वाटतं या तीन सीझनच्या उतरत्या आकड्यात सगळ्यात जास्त कायम राहिलेला माणूस कोण, तर फुर्बा आणि मेहताब. बाकी बरेच बदलले. फॉल गेला, ग्रिफिथ्स आला गेला, मंदार गेला, विघ्नेश गेला, तिरी आला, क्रौमा आला. आणि कोणाच्या लक्षात येत नाही तो मेहताब.

---

अंधेरी_वेस्ट_स्टँड | ७ मे, संध्याकाळी ६:३०

मेहताबचं नाव घेतलंस बरं झालं. मी स्वतः त्याच्यावर अन्याय केलाय वर. फॉलच्या शेजारी खेळताना तो सतत फॉलने सोडलेली जागा भरत असायचा, फॉल कॉर्नरला वर गेला की मागे थांबणारा तोच. फॉलने गोल मारले ते आपल्याला आठवतात, कोणत्याही डिफेंडरने मारले नसतील एवढे मारलेत त्याने या लीगमध्ये. पण तो परत येईपर्यंत मागे कोण होतं ते कोणाला आठवत नाही. यंदा तिरीच्या शेजारी मेहताब पहिल्यांदा स्वतःची जागा सोडून पुढे जाऊन बॉल काढायला लागलाय, कारण मागे तिरी आहे याची खात्री आहे. आधी कायम दोन पावलं मागे असायचा.

---

कूपरेजवाले_काका | ७ मे, संध्याकाळी ७:१५

हे उत्तम निरीक्षण. जोडी म्हणतात ती अशी.

---

फातोर्ड्याचो | ७ मे, रात्री ८:००

आता घरच्या जमशेदपूरच्या २-३ बद्दल कोण बोलणार? तीन गोल, अंधेरीत.

---

निळी_शाल | ७ मे, रात्री ८:२२

ती मॅच एशियन कपच्या ब्रेकनंतरची. भेके, मेहताब, आकाश तिघंही कतारला भारताबरोबर होते, तिथे तीन मॅचमध्ये ६ गोल खाल्ले, ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया, एकही गोल न मारता परत आले. मनाने थकलेले होते पोरं, चेहऱ्यावर दिसत होतं. त्यात टीम बदललेली, स्टुअर्ट गेलेला, क्रौमा नवीन, इकेर नवीन. मी कारणं देत नाहीये, पण एखाद्या टीमची बॅकलाइन महिनाभर दुसऱ्या कोचकडे दुसऱ्या पद्धतीने खेळून आली की एक-दोन मॅच गोंधळ होणारच.

---

हाफस्पेस_पुणे | ७ मे, रात्री ८:५०

हे मला पटलं. आणि यात अजून एक जोडा. त्याआधी सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत एशियन चॅम्पियन्स लीगपण चालू होती, सहाच्या सहा हरलो. रियाधला अल हिलालने ६ मारले. घरची मॅच डी. वाय. पाटीलवर, नेमार येणार म्हणून सगळ्यांनी तिकिटं काढली आणि तो दुखापतीमुळे आलाच नाही, तिथेही ०-२. मी बालेवाडीला इराणच्या नस्साजीची मॅच बघायला गेलो होतो, ती पण ०-२. त्या वेळी मला वाटत होतं की हा डिफेन्स या वर्षी पुरता मोडणार. लीगमध्येही तेव्हा बघा, नॉर्थईस्टला २-१, ओडिशाशी २-२, केरलाला २-१, जिंकत होतो पण प्रत्येक मॅचला काहीतरी देत होतो. तीन मॅचमध्ये चार गोल. म्हणजे सुधारणा सीझन सुरू होताना आलेली नाही, ती सीझनच्या पोटात झाली. मुद्दा इथे आहे. अंधेरीवाल्या, तू सरासरी काढलीस त्यात हे दिसत नाही.

---

अंधेरी_वेस्ट_स्टँड | ७ मे, रात्री ९:१०

बरोबर. मग प्रश्न असा की कशामुळे. नवे कोच क्रात्की आले ९ डिसेंबरला. पण त्याच्या आदल्याच दिवशी आपण बंगळुरूला जाऊन ४-० मारून आलो होतो. म्हणजे सगळं क्रात्कींनी केलं असं म्हणता येत नाही. माझं मत, अल हिलालसारख्या टीमने जे केलं त्यातून ही पोरं शिकली. रियाधच्या मॅचमध्ये त्यांचा प्रत्येक प्लेयर बॉल गेल्या क्षणी पहिली पाच सेकंद जिवाच्या आकांताने बॉलमागे लागत होता. एवढा पैसा, एवढी नावं, आणि तरी पळतायत. आपले त्या वेळी उभे राहून बघत होते. एप्रिल-मेमध्ये आपला विक्रम, छांगटे, अगदी डियाझसुद्धा तसे लागताना दिसले. छांगटे तर परत येऊन आपल्या फुलबॅकच्या शेजारी उभा असतो. तो गोल मारतो ते सगळे बघतात, पण सेमीफायनलच्या दुसऱ्या लेगला तो किती वेळा मागे आला ते बघा एकदा.

---

स्टॉपर_नं_५ | ७ मे, रात्री ९:४५

मी हेच सांगणार होतो. डिफेन्स चार जणांचा नसतो, नऊ नंबरपासून सुरू होतो. कोल्हापुरात तालमीच्या मॅचमध्ये आमचे फॉरवर्ड बॉल गेला की कमरेवर हात ठेवून उभे राहतात, प्रेक्षक पण त्यांना काही बोलत नाहीत, स्टॉपरने चूक केली की मात्र त्याच्या घरापर्यंत आवाज जातो. आमच्या पेठेतला एक चांगला स्टॉपर मी असाच खेळ सोडताना बघितलाय. सगळं खापर त्याच्यावर. म्हणून मला हा धागा आवडला, इथे कोणीतरी मागच्यांचं नाव घेतंय.

फान नीफबद्दल एक. लोकांना त्याचा फायनलमधला तो लांब बॉल आठवतो ज्यावर डियाझने बरोबरी केली. पण तो बॉल मारायला त्याच्याकडे वेळ होता कारण त्याने आधी बॉल काढून घेतला तेव्हाच त्याची मान वर होती. बॉल काढून घेणारा आणि लगेच पुढे देणारा माणूस एकच असेल तर समोरची टीम वर यायला घाबरते. समोरचे घाबरले की आपल्यावर अटॅक कमी. जाहूपण हे करायचा, पण जाहूचं वय झालं होतं आणि त्याच्या मागची जागा मोकळी पडायची. फान नीफ शेजारी आपुइयासारखं पळणारं पोरगं आहे. तेवीस वर्षांचा आहे तो, ध्यानात घ्या.

---

बे_एरियातला_मुंबईकर | ७ मे, रात्री १०:३०

कोणी भेकेबद्दल बोलणार आहे का? आपला मुंबईचा पोरगा, कॅप्टन, कधी उजवीकडे कधी मध्ये, जिथे भोक पडेल तिथे तो. २०२२ ला रियाधला एअर फोर्स क्लबविरुद्ध त्याच्या डोक्याने गोल होऊन भारतीय क्लबने पहिल्यांदा एशियन चॅम्पियन्स लीगमध्ये मॅच जिंकली, ते मी इथे सकाळी बघितलं होतं आणि शेजाऱ्यांनी दार वाजवलं होतं. यंदा त्याने कप उचलला तेव्हा मी माझ्या वडिलांना फोन केला, ते म्हणाले आता तरी आपल्याकडची पोरं बॅकला खेळायला लागतील.

---

कूपरेजवाले_काका | ७ मे, रात्री १०:५२

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. आमच्या वेळी मुंबईतल्या शाळांमध्ये ज्याला खेळता येत नाही त्याला बॅकला उभं करायचे. ती सवय अजून गेलेली नाही. भेके तशा मैदानांतून वर आला आणि देशासाठी खेळला. त्याच्या डाव्या पायाने बॉल काढण्यात अजून कमतरता आहे, उजवीकडून दाबलं की तो बॉल बाहेर मारतो, हे मी त्याचा चाहता असूनही सांगतो. पण माणूस डगमगत नाही.

---

फातोर्ड्याचो | ८ मे, सकाळी ९:३०

रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या लेगची रेकॉर्डिंग परत लावली, फक्त तुमच्या बॅकलाइनकडे बघत, बॉलकडे न बघता. पहिल्या हाफमध्ये आम्ही डावीकडून चार-पाच वेळा चांगले आलो. प्रत्येक वेळी क्रॉस मारायची वेळ येईपर्यंत आत तुमचे तीन जण आणि आमचा एक. आमचे फॉरवर्ड वाईट धावले असं नाही, जागाच नव्हती. डियाझने मारला तेव्हा ६९ वं मिनिट होतं, तोपर्यंत आम्ही ०-० होतो आणि एका गोलची गरज होती, आणि तो एक गोल आम्हाला दिसतच नव्हता.

स्टॉपर म्हणतात ते बरोबर आहे. पहिल्या लेगची चूक दुसऱ्या लेगला नव्हती. धाग्याचं नाव राहू द्या.

पण पुढच्या सीझनला फातोर्ड्याला या. आमच्याकडेही २१ च खाल्लेत, लीगमध्ये तुमच्यानंतर सगळ्यात कमी गोल आम्ही खाल्ले. त्यावरही कोणी धागा काढला नाही.

---

निळी_शाल | ८ मे, सकाळी १०:१५

येणार! मुलीला घेऊन येणार.

---

स्टॉपर_नं_५ | ८ मे, दुपारी १२:४०

आज सकाळी प्रॅक्टिसला पोरांना फायनलचे तुकडे दाखवले मोबाइलवर. माझा बारा वर्षांचा एक स्टॉपर आहे, लई पळतो, प्रत्येक बॉलमागे जातो आणि चुकतो. त्याने तिरीला बघितलं आणि म्हणाला, सर हा पळतच नाही, मग हा आधी पोचतो कसा? मी म्हटलं तुला काय वाटतं. म्हणाला, त्याच्या पुढचा पोरगा त्याला सांगतोय वाटतं बॉल कुठून येणार.

अंधेरीवाल्या, तुझे दहा यार्ड त्याने न वाचता सांगितले. उद्या त्याला मधल्या पोराबरोबर जोडीने उभं करून बघणार आहे. दोघंच, मागे कोणी नाही, समोर चार अटॅकर. कसं होतं ते लिहितो.

---

अंधेरी_वेस्ट_स्टँड | ८ मे, दुपारी १:०५

लिही नक्की. आणि चार अटॅकर एकदम देऊ नको, आधी तीन दे.